मिठाची गाडी

गुलाबभाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे. पण राग बाजूला काढून बोलता येत नाही, कारण ज्या गोष्टीसाठी तो माणूस मोठा, त्याच गोष्टीसाठी माझा त्याच्यावर राग.

बारामतीच्या मोटार स्टँडवर कडुनिंबाखाली त्याचं टेबल असायचं. टेबल कसलं, चार पाय आणि वर एक फळी. फळीवर शाईची दौत, टाक, टीपकागद आणि पाण्याची पितळी लोटी. मागं बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे, त्यांत चार तऱ्हेचे कोरे अर्ज. इंदापूरच्या बाजारादिवशी हेच बिऱ्हाड उचलून तो तिकडं बसायचा. बारामती-इंदापूरकडच्या जितक्या मालवाहू लॉऱ्या, तितक्यांचे परवान्याचे कागद या एका माणसाच्या हातचे. आडनाव तांबोळी, पण पान त्यानं जन्मात खाल्लं नाही. तो म्हणायचा, "जिभेवर माझं पोट हाय. ती रंगवून कशी चालंल?"

ते खरंच होतं. आमच्यासारखा कुणी लॉरीवाला अर्ज लिहायला गेला की गुलाबभाई टाक हातात घ्यायचा नाही. आधी तीन प्रश्न विचारायचा. "माल कुणाचा? गाडी कुणाची? आन पेटला तर गाडीत कोन?"

पहिल्या दोहोंवरून ठरायचं, की अर्ज खाजगीचा की भाड्याचा. स्वतःचा माल स्वतःच्या गाडीत न्यायचा तर एक अर्ज, दुसऱ्याचा भाड्यानं न्यायचा तर दुसरा. हे बाकीच्यांनाही ठाऊक होतं. तिसरा प्रश्न मात्र त्याचा एकट्याचा. सरकारच्या कुठल्या अर्जात तो नव्हता. त्याचं उत्तर घेतल्यावर तो उठायचा, लॉरीच्या हौद्यापाशी जायचा, पोत्यात नाहीतर डब्यात हात घालायचा, बोटं नाकाशी न्यायचा आणि शंका आली तर जिभेच्या टोकाला लावायचा. मग लोटीतल्या पाण्यानं चूळ भरून उरलेल्या दोन डब्यांपैकी एकाला हात घालायचा किंवा घालायचा नाही. त्यातला एक डबा रॉकेल-पेट्रोलचा. दुसरा सुरुंगाच्या दारूचा.

त्या काळात आमच्याकडं विहिरींचं पेव फुटलं होतं. नीरेच्या पाटाचं पाणी ज्याच्या रानाला मिळालं तो तरला. ज्याला मिळालं नाही तो खडक फोडायला लागला. इंदापूरकडं हातभर माती आणि खाली सगळा काळा पत्थर. सुरुंगाशिवाय विहीर उतरत नव्हती. म्हणून पुण्याहून दारूच्या पेट्या यायच्या. लॉरीवाले गाडीत असेपर्यंत तिला नावानं हाक मारत नसत. "पाव्हनी बसलीय" असं म्हणायचे. पाहुणी गाडीत असली की ड्रायव्हर विडी पेटवायचा नाही आणि शिवी द्यायचा नाही. असल्या शहाणपणावर सगळं चालायचं. मालाच्या कागदावर, बिल्टीवर, मात्र लिहिलेलं असायचं किराणा, भुसार, नाहीतर मीठ. कारण दारूचा खरा अर्ज केला, की पुण्याच्या कचेरीत तो महिनोन्‌महिने पडायचा. गाडी तपासणार, हौद्याला आतून लाकूड मारा म्हणणार, सायलेन्सर पुढं वळवून घ्या म्हणणार. एवढं करत बसायला सवड कुणाला होती?

गुलाबभाईला होती.

एकदा नरसिंहपूरच्या जत्रेला जायचं सामान आमच्या एका लॉरीवाल्याच्या गाडीत भरलं होतं. त्यात देवाचे छत्र-चामर, वाजंत्रीवाले, त्यांचे सनई-चौघडे आणि खाली शोभेच्या दारूच्या टोपल्या. बरोबर पुजारीबुवा होते. ते म्हणाले, "गुलाबभाई, देवाचं सामान म्हणून लिहा आणि मोकळे व्हा."

"देवाचा डबा माझ्याकडं न्हाय, बुवा. चारच डबे हायेत."

"अरे, आमचा देव खांब फोडून बाहेर आलेला! तो या फटाक्यांना भितो होय?"

गुलाबभाईनं हौद्यात बसलेल्या वाजंत्रीवाल्यांकडं बघितलं. "देव खांबातनं आला, बरोबर हाय. पर हे सनईवाले खांबातनं येनार न्हाईत."

स्टँडवर हशा पिकला. बुवाही हसले. शेवटी टोपल्या बैलगाडीत घालून एक दिवस आधी वेगळ्या पाठवल्या. त्या बैलगाडीच्या मागं दहा पावलं गुलाबभाई स्वतः चालत गेला आणि गाडीवानाला सांगून आला, की चिलीम वेशीवर ठेवून जा. माणूस असा होता. त्याला नाही म्हणता यायचं, पण त्याचं नाही कुणाला लागायचं नाही.

मला लागलं.

मी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सुरुवात केलेला माणूस. पाटीवरून बैलगाडी आणि बैलगाडीवरून लढाईतली जुनी लॉरी. ती घेताना मी विकणाऱ्याशी तीन दिवस घासाघीस केली आणि वर जादा टायर घेतला. माझ्याशी भाव करून कुणी हसत घरी गेलेलं मला आठवत नाही. तर असा मी, दारूच्या भाड्यासाठी गुलाबभाईकडं गेलो. इंदापूरकडच्या विहिरींचं सगळं काम एका ठेकेदाराकडं होतं, आणि त्याला कायमची लॉरी हवी होती. माझ्याइतकाच त्या भाड्यावर डोळा होता रंगनाथशेठचा. त्याच्या दोन लॉऱ्या होत्या.

मी म्हणालो, "भाड्याचा अर्ज भरा, माल भुसार."

गुलाबभाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या ड्रायव्हरला, दगडूला, हाक मारली. मला म्हणाला, "तात्या, तुमी जरा तिकडं चा घ्या."

"मी मालक हाय गाडीचा!"

"म्हनून तर. मालाला तोंड असतंय, तात्या. मालकानं ते बांधलेलं असतंय, एवढंच."

आणि मी भर उन्हात उभा असताना त्यानं दगडूला शेजारी बसवून विचारलं, की घरी कोण कोण आहे, पोरं किती, बायको कुठली. शेवटी चौथा, दारूचा डबा उघडला.

मी लय बोललो. स्टँडवर ऐकू जाईल असं बोललो. तो टीपकागद दाबत बसला. अर्ज खरा गेला. दिवाळीत गेला तो पुण्यात झोपला, आणि परवाना हातात पडला तेव्हा होळीच्या गोवऱ्या रचल्या होत्या. तोवर रंगनाथशेठनं इंदापूरच्या एका कारकुनाकडून भाड्याचा साधा अर्ज भरून घेतला, बिल्टीवर मीठ लिहिलं आणि ठेका खिशात घातला. हौद्यात खाली पेट्या, वर मिठाची पोती.

आणि त्या गाडीवर ड्रायव्हर कोण? इब्राहिम. गुलाबभाईचा एकुलता एक पोरगा.

लोक अजून विचारतात, बापानं त्याला अडवलं कसं नाही. अडवलं होतं. मी टेबलाजवळच होतो. परवाना आला का बघायला गेलो होतो. इब्रू हसऱ्या तोंडाचा, केसांना तेल लावणारा, वर्षापूर्वी लग्न झालेला. म्हणाला, "अब्बा, तुमच्या चौथ्या डब्यातल्या अर्जावर चालनारी लॉरी बारामतीत एकबी न्हाय. मी काय बैल हाकू?"

"हाक."

"आन जैतुनला काय घालू?"

गुलाबभाईनं फळीवरची लोटी सारखी केली. मग म्हणाला, "सावकाश जात जा." एवढंच. दुसऱ्याच्या पोराला तो तासभर सांगत बसायचा. स्वतःच्या पोराला तीन शब्द.

डाळजच्या अलीकडं गाडी उडाली. दुपारची वेळ होती. क्लीनर भिगवणला पाणी भरायला उतरला आणि मागून येणाऱ्या गाडीत बसला, म्हणून तो वाचला. सायलेन्सरची ठिणगी लागली असेल, तापलेली फळी असेल, आणखी काही असेल, कुणाला माहीत. रस्त्याच्या कडेची बाभळ एका अंगानं जळाली आणि मीठ लांबपर्यंत पांढरं पसरलं. ते बघून आलेला माणूस स्टँडवर येऊन खाली बसला. गुलाबभाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, टाक दौतीत ठेवला आणि विचारलं, "मिठाची गाडी का?"

पुढं जे झालं त्यावर माझा राग आहे.

रंगनाथशेठच्या लॉरीचा विमा होता. विमा कंपनीचा माणूस पुण्याहून आला. बिल्टीवर मीठ, परवाना साध्या मालाचा. मीठ असेल तर भरपाई, दारू असेल तर काही नाही. रंगनाथशेठ म्हणत होता, पेट्रोलची टाकी फुटली. तो विमेवाला गावात चार ठिकाणी चहा प्याला आणि म्हणाला, "इथं ज्याला त्याला त्या तांबोळींचं नाव घेताना ऐकतोय. मेलेल्या मुलाचा बाप तोच ना? त्यानं लिहून दिलं की गाडीत मीठ होतं, तर माझं काम झालं."

रंगनाथशेठ माझ्याकडं आला. त्याला माझ्याशिवाय कोण मिळणार होतं? तडजोड करणं हा माझा हातखंडा. मी म्हणालो, "शेठ, म्हाताऱ्याची सही फुकट मिळायची न्हाय. सुनेला जमीन द्या."

"देतो की. इंदापूरला माळ हाय माझा."

"माळावर ती काय दगड चारनार पोराला?" जैतुनला तेव्हा दिवस गेलेले होते.

बाजारात बैलाचा सौदा करतात तसा आम्ही उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबत बसलो. तो उठायचा, मी धरून बसवायचो. मी उठायचो, तो धरून बसवायचा. माळावरून मुरमाड रानावर आणला, मुरमाडावरून विहिरीच्या रानावर, आणि संध्याकाळपर्यंत काटेवाडीच्या पाटाच्या पाण्यावरचा काळ्याभोर जमिनीचा तुकडा जैतुनच्या नावावर करायला त्याला राजी केला. असला सौदा मी माझ्यासाठीसुद्धा कधी केला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. मला त्या पोरीचं बघवत नव्हतं.

मी उठलो तो थेट गुलाबभाईच्या घरी. ओसरीवर तो बसला होता. मी सगळं सांगितलं. जमिनीच्या चतुःसीमा सांगितल्या, पाटाची पाळी कितव्या दिवशी येते ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आन दुसरा अर्ज?"

"कसला दुसरा?"

"मजूर कामावर मेला तर मालकाकडनं भरपाई मागायचा येगळा अर्ज असतोय. पुण्याला सरकारी सायबाकडं जातोय. त्यात गाडीत काय होतं ते खरं लिवावं लागतंय."

"गुलाबभाई, तो अर्ज वर्षं खाईल! शेठ वकील लावंल. इब्रू माझा नोकरच न्हवता म्हनंल. हातात जमीन आलीय हो, जमीन!"

"खरं हाय तुमचं."

"मग लिवा की! दोन ओळी. गाडीत मीठ होतं."

"तात्या, मिठानं कुनी मरत न्हाय."

"गेलेला काय परत येतोय व्हय?"

"न्हाय येत. पर मीठ म्हनून लिवलं, तर उद्या त्येच कागद पुढं करून दुसरा जाईल. त्यो बी मिठानंच मरंल." मग हळू आवाजात म्हणाला, "तुमी लय केलंत आमच्यासाठी. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी कळलं, की खरा अर्ज पुण्याला गेला.

मी त्याच्या टेबलापाशी जाऊन जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्या अक्षराच्या अभिमानापायी पोरीच्या तोंडातला घास काढलास, हे त्यातलं सौम्य. तो उभा राहिला आणि हात जोडले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

माझं म्हणणं खरं ठरलं, हे कुणीही सांगेल. विम्याचे पैसे बुडाल्यावर रंगनाथशेठ इरेला पेटला. इब्रू आपला नोकरच नव्हता, गाडी मागून नेली होती, असं त्यानं लिहून दिलं. तारखा पडायला लागल्या. गुलाबभाई एसटीनं पुण्याला जायचा आणि यायचा. इकडं लॉरीवाल्यांनी त्याच्याकडं जाणं बंद केलं. या म्हाताऱ्याच्या तोंडापायी गावाचा धंदा बुडवायचा का, असं म्हणायचे. स्टँडवर टाइपरायटर घेऊन एक नवा आला. मालक सांगेल तो माल तो टंकायचा. गुलाबभाईचं टेबल तिथंच राहिलं, लोटी भरलेली, डबे बंद. फक्त ड्रायव्हर लोक, मालकांची नजर चुकवून नव्हे तर त्यांच्या समोरून, गाडी हलवायच्या आधी त्याच्यापुढं क्षणभर थांबवायचे. तो उठून हौद्याच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, हात ठेवायचा. मग गाडी जायची.

दारूचं भाडं शेवटी कुणाकडं आलं, तेही सांगतो. माझ्याकडं. खरा परवाना सगळ्या तालुक्यात एका माझ्याच गाडीला होता. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

काटेवाडीचा तो जमिनीचा तुकडा रंगनाथशेठनं तसाच ठेवला आणि मेथी-कोथिंबिरीला दिला. एकदा मी भाजी भरायला गेलो, तर वाफ्यात बायका मेथी खुडत होत्या. त्यांत जैतुन. पोरगं बांधावर झोळीत. माझं डोकं फिरलं. जी जमीन मी तिच्यासाठी कबूल करून घेतली होती, तिथं ती रोजानं खुडायला येत होती.

मी म्हणालो, "बघ, तुझ्या सासऱ्यानं काय करून ठेवलं!"

ती उभी राहिली, पदर सारखा केला. "मामूंनी न्हाय केलं, तात्या." सासऱ्याला ती मामू म्हणायची.

"मग कुनी?"

"त्या राती मामूंनी दोन्ही कागद लिवले. मिठाचा लिवला, आन खरा बी लिवला. माझ्यापुढं ठेवून दोन्ही वाचून दाखवले. जमीन कुठली, पानी कसं, सगळं सांगितलं. म्हनले, ‘मी जलमभर दुसऱ्याचा अर्ज ठरवला, ह्यो माझ्याच्यानं ठरत न्हाय. तू म्हनशील त्यावर सही करतो.’"

"आन तू?"

"माझ्या मानसाची कापडं मी धुवायची, तात्या. मीठ कशाला वास मारतंय?" ती खाली बसली आणि पुन्हा मेथी खुडायला लागली. "खऱ्या कागदावर अंगठा मी केला. मामू रडले तवा. आदी न्हवते रडले."

मी भाजी न भरताच परतलो. राग गेला का? नाही. वीस वर्षांच्या, पोटुशा पोरीपुढं असले दोन कागद ठेवावेत का कुणी? आपणच सही करून टाकावी, शिव्या आपण खाव्यात, जमीन तिला मिळू द्यावी. मी तेच केलं असतं. अजूनही तेच करीन. पण माझ्या घरी मी कधी कुणापुढं दोन कागद ठेवले नाहीत, आणि माझ्या पोरांपैकी कुणी माझ्यासाठी रडेल असं मला वाटत नाही. हे असंच मनात आलं म्हणून लिहिलं.

त्याला शेवटचं पाहिलं ते डाळजजवळ.

उन्हाळ्याची दुपार होती. पुण्याहून येत होतो. दगडू गाडी हाकत होता आणि मी शेजारी. एका अंगानं जळालेल्या बाभळीला एव्हाना त्या अंगालाही पालवी फुटली होती. तिच्याखाली गुलाबभाई बसलेला. पुण्याची तारीख करून येताना एसटीतून तिथंच उतरला असणार. खाली नुसता धोंडा, अंगावर धुवट शर्ट, मांडीवर कागदांची पिशवी. दगडूनं मला न विचारताच गाडी थांबवली.

इतक्या दिवसांत मी त्याच्याशी शब्द बोललो नव्हतो. खाली उतरलो. "चला गुलाबभाई, बसा गाडीत. उन्हाचं कुठं बसलाय?"

त्यानं वर बघितलं. ओळखायला थोडा वेळ लागला. मग नजर गाडीकडं गेली. "काय हाय आज?"

मी दगडूकडं बघितलं. दगडू वरून म्हणाला, "मीठ हाय, चाचा."

गुलाबभाई गुडघ्यावर हात देऊन उठला. गाडीच्या मागं गेला. मी फाळका पाडून दिला. त्याला वर चढवत नव्हतं, म्हणून कडेचं पोतं मीच ओढून त्याच्यापुढं आणलं आणि तोंडाची शिवण उसवली. त्यानं पोत्यात हात घातला, पार खांद्यापर्यंत, तळाला बोटं लागेपर्यंत. मूठ बाहेर काढली. आधी नाकाशी नेली. मग जिभेवर ठेवली. त्या दिवशी चूळ भरायला लोटी नव्हती. त्यानं ते तसंच गिळलं.

"मीठच हाय," तो म्हणाला.

पुन्हा पोत्यात हात घातला, पुन्हा जिभेवर ठेवलं. "मीठच हाय, तात्या."

"व्हय," मी म्हणालो. "मीठच हाय."

मी पोतं शिवलं, फाळका लावला. गाडीत बसायला तो काही तयार होईना. मागनं एसटी येईल म्हणाला. दगडूच्या दारापाशी जाऊन त्यानं विचारलं, "पोरं बरी हायेत का रं?" दगडू हो म्हणाला. मग मागं जाऊन त्यानं फाळक्यावर हात ठेवला. "सावकाश जा."

गाडी हलली. मी आरशात बघत होतो. गाडी बरीच पुढं गेली, तरी तो तिथंच उभा होता, आणि हात तसाच पुढं धरलेला, फाळका अजून हाताखाली असावा तसा.